समोरून येणारी वेल

लग्न दुसऱ्या दिवशी होतं आणि घरात माझ्याखेरीज सगळे मजेत होते. वहिनीच्या माहेरची माणसं येऊन उतरली होती. चहाचं पातेलं गॅसवरून खाली येत नव्हतं. नवरदेव, म्हणजे दादाचा मुलगा, आरशासमोर उभा राहून आपलं डोकं एकदा डावीकडून बघत होता, एकदा उजवीकडून. त्या डोक्यात बघण्यासारखं एवढंच आहे की ते मोठं आहे. लहानपणापासून आम्ही त्याला भोपळ्या म्हणतो. टोप्या करणाऱ्यांच्या घरात असं डोकं जन्माला यावं म्हणजे थट्टाच. इतरांपेक्षा त्याला चांगली चार बोटं मखमल जास्त लागते, आणि ती चार बोटं कशिदा काढणाऱ्याच्या जिवावर येतात.

मी सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. पाहुण्यांना टाचण्या दिल्या. कुणाचं तरी मूल कडेवर घेतलं आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात देऊन टाकलं. चहा घेतला आणि पेला कुठे ठेवला ते विसरले.

"तुझ्या पायाला भिंगरी लागलीय का?" दादा म्हणाला. "लग्न माझ्या मुलाचं आहे. घाबरायचं तर मी घाबरेन."

"टोपी बघितलीस?"

"आबांकडे आहे."

"आबांकडे आहे ते मलाही माहीत आहे. तू बघितलीस का?"

दादाने खांदे उडवले. खांदे उडवले की प्रश्न आपोआप खाली पडतो असं त्याला वाटतं. लहानपणापासून वाटतं.

आधी टोपीचं सांगते, म्हणजे माझी तगमग का होत होती ते कळेल. लग्नाकार्याला, मानपानाला पुरुष ज्या कशिद्याच्या टोप्या घालतात त्या आमच्या घरात होतात. वरचा गोल माथा आणि भोवतीची पट्टी असे टोपीचे दोन भाग. कशिदा काढायचा तो सपाट मखमलीवर, लाकडी चौकटीत ताणून. मग पट्टीची दोन टोकं मागे जोडायची, वर माथा बसवायचा, आत अस्तर लावायचं. पट्टीवर जरीची वेल चालते. तिला पानं असतात आणि वर तोंड केलेल्या कळ्या असतात. लोकांना त्यात झगमगाट दिसतो, आम्हाला हात दिसतो. वेल कुठून निघाली, कशी वळली, टाका किती ओढला, यावरून टोपी कुणाची ते धंद्यातला माणूस लांबून सांगतो. म्हणून एक टोपी एकाच माणसाच्या हाताने पुरी करायची. दोन हातांच्या टोपीला आमच्या धंद्यात टोपी म्हणतच नाहीत. तिची जरीची तार उसवून काढून घेतात आणि मखमलीच्या पिशव्या शिवतात.

आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची, वेल डावीकडून निघते आणि उजवीकडे जाते. सगळ्यांचीच तशी जाते. माझी उजवीकडून निघते आणि डावीकडे येते.

मी डावरी नाही, लोकांना तसं वाटतं खरं. आई गेली तेव्हा मी एवढीशी होते. आबांनी मला कामाच्या खोलीत आणलं आणि चौकटीच्या पलीकडे, स्वतःच्या समोर बसवलं. त्यांच्या शेजारची जागा दादाची. मी तिथूनच बघून बघून शिकले. आबांचा हात त्यांच्या उजवीकडे सरकायचा, मला तो माझ्या डावीकडे येताना दिसायचा. तसाच मी उचलला. कळ्या वर तोंड करून असतात एवढं तयार टोप्यांवरून समजलं होतं, त्या बरोबर आल्या. वेल तेवढी उलटी बसली. हाताला एकदा वळण पडलं की पडलं. तेव्हापासून दादा मला उफराटी म्हणतो. आणि तोच दादा, शेजारी बसून सरळ वेल शिकलेला, पुढे सुई टाकून मोकळा झाला आणि त्याने मशीनच्या टोप्यांचं दुकान काढलं. चौकटीवर राहिले ती मी.

माझ्या टोप्या खपतात, नाही असं नाही. पण दुकानात त्या मागच्या फळीवर असतात. आबांनी त्यांना कधी चांगलं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. "तुझी वेल तुझी," एवढंच म्हणतात. हे वाक्य मला वर्षानुवर्षं सलत आलंय. मला शेजारी बसवलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण नाही. मुलगा शेजारी आणि मुलगी समोर. केस पिकायला लागले तरी ही गोष्ट आठवली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आई गेल्यावर वर्षभर मी म्हणे तोंडच उघडलं नव्हतं. मला त्यातलं काही आठवत नाही. वहिनी म्हणते, ते वर्ष तिला एकदा बघायला मिळायला हवं होतं.

तर भोपळ्याच्या लग्नाची टोपी आबा करणार, हे तो पाळण्यात होता तेव्हापासून ठरलेलं. दादाच्या लग्नातली त्यांनीच केली होती. माथा त्यांनी उन्हाळ्यातच पुरा केला आणि काय माथा होता! मग पट्टी चौकटीला लावली आणि खोलीचं दार बंद करून घ्यायला सुरुवात केली. बाहेर येताना चौकटीवर फडकं टाकायचे. विचारलं की म्हणायचे, "होतंय, होतंय." त्यांच्या हातात कप दिला की बशी वाजायला लागली होती, ते आम्हाला दिसत होतं. त्यावर कुणी बोललं नाही. आमच्या घरात सगळे पेल्यातून चहा प्यायला लागले, एवढंच.

म्हणून मी सकाळपासून वाट बघत होते. शेवटी आबा भोपळ्याला घेऊन केस कापायला गेले. "जरा बारीक कापायला सांगा, तेवढंच डोकं लहान दिसेल," कुणीतरी मागून ओरडलं आणि सगळे हसले. मी हसले नाही. त्यांची पाठ वळली तशी मी कामाच्या खोलीत शिरले, दार लावलं आणि फडकं उचललं.

पट्टी अर्धीच झाली होती.

डाव्या टोकाकडून निघालेली वेल आबांची होती, यात शंकाच नको. तो डौल दुसऱ्या कुणाला जमत नाही. पण मध्याकडे येता येता ती थकत गेली होती. पानं बारीक झाली होती, टाके सैल पडले होते. आणि पट्टीच्या बरोबर मध्ये, जिथे कपाळ येतं, तिथे वेलच नव्हती. नुसती भोकं होती. कापसाचं कापड उसवलं तर भोकं बुजतात. मखमल ती धरून ठेवते. एवढ्याशा जागेत इतकी भोकं होती की मखमल झिजून कापडासारखी दिसत होती. त्यापुढे उजव्या टोकापर्यंत फक्त खडूची रेघ.

दार बंद करून हा माणूस इतके दिवस काय करत होता ते मला कळलं. एक पान काढायचं, बघायचं, उसवायचं. पुन्हा काढायचं, पुन्हा उसवायचं. आणि बाहेर येऊन म्हणायचं, होतंय. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. सांगायला काय झालं होतं? मला सांगायला काय झालं होतं?

मी वहिनीला हाक मारली. ती ओले हात पुसत आली, चौकटीकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली.

"वन्सं, आता हो?"

"आता काय, तुमच्या नवऱ्याला बोलवा."

दादा आला. बघितलं. मग म्हणाला, "मी दुकानातून एक आणतो. मशीनची असली म्हणून काय झालं? लांबून कोण बघतंय?"

"मुलीचे आजोबा बघतील."

मुलीचे आजोबा म्हणजे टोप्यांचे जुने व्यापारी. आयुष्यभर त्यांनी आबांच्या टोप्या घेतल्या आणि विकल्या. सोयरीक जुळली तेव्हा ते म्हणाले होते, आम्हाला दुसरं काही नको, नवऱ्या मुलाच्या डोक्यावर आबांच्या हातची टोपी पाहिजे. हे चारचौघांत म्हणाले होते. आबा तेव्हा लहान मुलासारखे लाजले होते.

"आणि आबा बघतील," मी म्हटलं.

या वेळी दादाने खांदे उडवले नाहीत. पण गेला मात्र, आणि दुकानातली सगळ्यात मोठी टोपी घेऊन आला. टोपी वाईट नव्हती. भोपळ्याच्या मापाचा लाकडी ठोकळा आमच्या खोलीतच असतो, त्याच्यावर ती ठेवून बघितली. ती वरच्या वर राहिली. दादाने दाबली तर आतून शिवण कुरकुरली.

"मशीनला काय माहीत आमच्या घरची डोकी," वहिनी म्हणाली आणि आम्हा तिघांची एकदम हसू फुटून फजिती झाली. बाहेर पाहुणे. दार बंद. आम्ही तोंडात बोळे कोंबून हसतोय. मग वहिनीच आधी थांबली. "वन्सं, तुम्हीच पुरी करा ना."

"दोन हातांची होईल."

"मग आबांच्या हातासारखी करा. एवढी वर्षं तर बघताय."

"बघतेय म्हणूनच येत नाही," मी म्हटलं. तिला ते कळलं नाही, आणि समजावत बसायला मला वेळ नव्हता.

त्या दोघांना मी पाहुण्यांकडे पिटाळलं. मखमलीचा एक तुकडा लहान चौकटीत ताणला आणि आबांची वेल काढायला घेतली, डावीकडून उजवीकडे. सुई माझ्या हातात आहे की दुसऱ्याच कुणाच्या, तेच कळेना. टाका ओढला तर फार ओढला जायचा, सोडला तर ढिला. पान निघालं ते कुणीतरी पाय दिल्यासारखं. उसवलं. उठले, खिडकीशी गेले, परत आले. मग डोक्यात आलं, चौकटच फिरवून बघू. पलीकडून बसलं की माझी उलटी वेल आबांच्या दिशेने जाईल. गेलीही. वेल झकास आली. पण आता कळ्या माझ्याकडे तोंड करून काढायच्या होत्या, आणि ते माझ्या हाताने जन्मात केलं नव्हतं. एकेक कळी अशी चेपलेली निघाली की बघवेना. तो तुकडा मी चुरगळून कोपऱ्यात फेकला.

दारावर टकटक. "अहो, टाचणी आहे का?"

"नाही!"

"सकाळी तर होत्या."

"आता नाहीत!"

ऊन खिडकीवरून सरकायला लागलं होतं. जरीचं काम आम्ही दिवसाच्या उजेडातच करतो. दिव्याखाली जरीची तार वाटेल तशी चमकते आणि टाका फसवतो. म्हणजे माझ्याकडे होता तो दिवस, आणि तोही हातातून चालला होता. मी पुन्हा उठले. पुन्हा बसले. दोऱ्यांचा गुंता सोडवायला घेतला, तो सोडवायची काही गरज नसताना. जीव थाऱ्यावर नव्हता. आबा परत येतील, बघतील की मी बघितलं, आणि त्यांचा चेहरा कसा होईल, हे सारखं डोळ्यांसमोर येत होतं. उद्या भोपळ्याच्या डोक्यावर दुसऱ्या कुणाची तरी टोपी असेल आणि आबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर हात खिशात घालून बसतील, तेही येत होतं.

आणि मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, कुणाच्या हातासारखी काढायची आणि कशाला? दोन हातांची तर ती होणारच आहे. चोरून केली तरी होणार, उघड केली तरी होणार. मग चोरून कशाला?

मी मोठ्या चौकटीशी गेले आणि आबांच्या जागेवर बसले. या घरात इतकी वर्षं काढली, पण त्या जागी कधी बसले नव्हते. बसकर आबांच्या मापाने खोल गेलं होतं. पट्टीचं उजवं टोक पुढ्यात घेतलं, बोटावर अंगुस्तान चढवलं आणि माझी वेल सोडली, उजवीकडून डावीकडे. खडूची रेघ आबांचीच होती. मी तिच्यावरूनच निघाले, फक्त त्यांच्या समोरून. पहिलं पान पडलं आणि माझा हात माझा झाला. इतका वेळ जे काही कोंडलं होतं ते सगळं सुईतून वाहायला लागलं. दारावर टकटक झाली तरी मी ऐकली नाही.

दार उघडलं ते मात्र ऐकलं. आबा उभे होते. मानेवर केसांचे बारीक तुकडे तसेच. त्यांनी चौकट बघितली, उघडी. मला बघितलं, त्यांच्या जागेवर. कोपऱ्यात फेकलेला तुकडाही बघितला असणार.

मी थांबले नाही. थांबले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं. मान खाली घालून टाके घेत राहिले.

आबांनी दार लावून घेतलं. आता ते म्हणतील, ऊठ. ते म्हणाले नाहीत. चौकटीला वळसा घालून पलीकडे गेले, भिंतीचा आधार घेतला आणि हळूहळू खाली बसले. माझ्या जुन्या जागी. थोड्या वेळाने त्यांनी मेणाचा खडा घेतला आणि दोरा त्याच्यावरून ओढायला लागले. त्या कामाला हात थरथरला तरी चालतो. एक दोरा झाला की ते माझ्या बाजूला सरकवायचे. मी घ्यायची. बाहेर कुणीतरी गाण्याच्या भेंड्या लावल्या होत्या, फार बेसूर.

"इथून सरळ दिसते," आबा म्हणाले.

"काय?"

"तुझी वेल. इथून बघितली की माझ्यासारखीच जाते."

मी मान वर केली. ते चौकटीकडे वाकून बघत होते, नवीन काहीतरी दिसल्यासारखे. "तुम्ही कधी तिथे बसलातच नाही," मी म्हटलं. ते जरा तिखटच निघालं.

"नाही बसलो," ते म्हणाले.

शेजारी का नाही बसवलंत, हे अगदी ओठावर आलं होतं. एवढी वर्षं ते कुठे तरी आत अडकून होतं आणि आता विचारण्यासारखी याहून चांगली वेळ कोणती? पण ऊन खिडकीच्या गजापर्यंत गेलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला उत्तराची भीती वाटली. मुलगा होता म्हणून, असं ते सरळ म्हणाले असते तर मी काय करणार होते?

वेल मध्याकडे यायला लागली तेव्हा आबांनी बोट पुढे केलं. बोट थरथरत होतं. त्यांनी ते भोकांच्या जागेवर ठेवलं आणि जरा वेळ तिथेच राहू दिलं.

"इथली कळी मोठी घे," ते म्हणाले. "माझ्याही बाजूची तूच घे. दोन्ही समोरासमोर येऊ देत. झाकलं जाईल."

त्या भोकांबद्दल ते एवढंच बोलले. मीही काही विचारलं नाही. उजेड गेला तेव्हा थोडं राहिलं होतं, ते सकाळी उजाडल्या उजाडल्या केलं, पट्टी जोडली, माथा बसवला, अस्तर लावलं. वहिनीने टोपी बघितली आणि डोळे पुसले, पण ती आदल्या दिवसापासून प्रत्येक गोष्टीला डोळे पुसत होती, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवायचं कारण नव्हतं.

लग्नाच्या हॉलमध्ये टोप्याच टोप्या. दोन्हीकडच्या पुरुषांनी ठेवणीतल्या काढल्या होत्या. माझी नजर त्यांच्या तोंडाकडे जातच नव्हती. ही आबांची, तीही आबांची, ही मशीनची, ही कुणाची ते माहीत नाही पण टाका वाईट. एकाच्या डोक्यावर माझी दिसली, उफराटी. त्याला ते माहीत नव्हतं आणि तो मजेत होता. आबा पुढच्या रांगेत बसले होते, उजवा हात खिशात. मी खुर्चीवर टेकायची आणि उठायची. टोपीचं तबक माझ्याकडे होतं. ते मी कुणालाच देईना.

"आणा, बघू तरी," मुलीचे आजोबा म्हणाले.

दिली. काय करणार? म्हाताऱ्याने चष्मा वर सारला आणि टोपी अगदी नाकाजवळ नेली. आधी माथा बघितला आणि मान डोलावली. मग मागच्या जोडावर अंगठा ठेवून वेलीवरून फिरवत निघाले. आबांच्या बाजूने कपाळापर्यंत आले. थांबले. पुन्हा जोडावर गेले आणि दुसऱ्या बाजूने आले. पुन्हा कपाळाशी थांबले.

"आबा," ते म्हणाले, "ही दोन हातांची आहे."

ते काही मोठ्याने म्हणाले नव्हते. पण आमच्या लोकांत हे शब्द कसेही म्हटले तरी ऐकू जातात. आजूबाजूच्या टोप्या वळल्या. दादाने खांदे उचलले आणि ते तसेच वर राहिले. भोपळ्या बिचारा उघड्या डोक्याने कधी आबांकडे बघतोय, कधी त्या म्हाताऱ्याकडे. मला वाटलं, मीच म्हणावं. माझी चूक, मी हात लावला, आबांची टोपी मी बिघडवली. तोंड उघडलंच होतं.

आबांनी खिशातून हात काढला आणि वर धरला. सगळ्यांसमोर. तो थरथरत होता आणि त्यांनी तो थरथरू दिला.

"बघताय ना," ते म्हणाले. "उन्हाळा संपला आणि हा थांबला. अर्धी माझी आहे, अर्धी हिची."

म्हातारा हाताकडे बघत राहिला. मग जरा सांभाळून म्हणाला, "ते ठीक आहे हो. पण हिची उलटी आलीय."

"येणारच. समोर बसून शिकली ती."

"समोर कशाला बसवलीत? शिकवायचं तर शेजारी बसवायचं."

बघा. जे मला इतक्या वर्षांत विचारता आलं नाही, ते या परक्या म्हाताऱ्याने सहज विचारून टाकलं.

"शेजारी बसवली असती तर हिचं तोंड कसं दिसलं असतं?" आबा म्हणाले. "आई गेली तशी ही बोलायची थांबली. एक शब्द नाही. मला काम सोडून चालणार नव्हतं, आणि काम करताना मान वळवली की टाका चुकतो. म्हणून समोर बसवली. डोळे नुसते वर केले की ही दिसायची. म्हटलं, कधीतरी ओठ हलतील, तेव्हा माझं लक्ष पाहिजे." ते जरा थांबले. "वेल उलटी होतेय ते दिसत होतं की मला. जागा बदलून दिली असती तर सरळ झाली असती. पण मग तोंड गेलं असतं. म्हटलं, वेल जाऊ दे कुठे जायची तिकडे."

म्हाताऱ्याने चष्मा खाली घेतला. दोन कळ्या जिथे समोरासमोर आल्या होत्या त्या जागेवरून त्याने अंगठा फिरवला, मग उठला, भोपळ्याच्या पुढ्यात गेला आणि टोपी स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर ठेवली. एकदा दाबली, दोनदा दाबली.

"बसली," तो म्हणाला. "डोकं मोठं आहे हो तुमच्या मुलाचं."

हॉल हसला. दादाचे खांदे खाली आले. वहिनी रडायला लागली, आणि या वेळी मी तिच्यावर भरवसा ठेवला.

आबा माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे म्हणजे माझ्या तोंडाकडे. काहीतरी म्हणायला हवं होतं. मला, जिला एरवी कुणी गप्प करू शकत नाही, जी शेजारच्या जागेसाठी आयुष्यभर मनातल्या मनात भांडत राहिली, तिला एक शब्द सापडेना. नुसते ओठ हलत होते.

आबा जरा पुढे वाकले.

"बोल की," ते म्हणाले.